जाळीला लागलेली होडी

१

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाची फसगत व्हायला नको. मला न्याय नको होता. न्याय कसा रखडत रखडत चालतो ते मी पोलिसात हवालदारकी करताना पोटभर पाहिलंय. मला सूड हवा होता.

रिजवान माझा भाचा. बहीण गेली तेव्हा तो माझ्या ओटीत आला आणि सांगलीत विश्रामबागच्या घरात माझ्याच हाताखाली वाढला. फायबरचं काम शिकला आणि त्यातून त्याला होड्यांचं वेड लागलं. वाळुंजवाडीच्या ओढ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेल्या कयाक आणून ठेवल्या. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं हाकायची.

ओढा त्याला साजेसाच होता. खाली बंधारा, त्याच्या जरा वर रिजवानचा धक्का, आणि पार वरच्या टोकाला गावच्या उपसा योजनेचं पंपघर. मधलं सगळं पाणी एवढं संथ की वाहतंय का झोपलंय ते कळू नये. दोन्ही काठांचे करंज आणि जांभळी एकमेकांवर वाकलेल्या. सुट्टीच्या दिवशी कराडची, सांगलीची माणसं यायची आणि त्या सावलीतून वल्हं मारत गपगार होऊन परतायची.

चैत्रातल्या एका सकाळी त्यातलीच एक कयाक वरच्या टोकाला, पंपघराच्या लोखंडी जाळीला लागलेली दिसली. आत माझा रिजवान पडलेला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम. अंगात तरंगायचं जॅकेट नाही, होडीत वल्हं नाही.

फौजदार पोरसवदा होता, पण अदबीनं वागला. म्हणाला, "मॅडम, अंधार पडताना वल्हवत गेला असेल. करंजाची फांदी लागली असेल."

"साहेब, होडीत माणूस पुढं तोंड करून बसतो," मी म्हणाले. "फांदी लागली तर कपाळाला लागेल. मागून फांदी येत नाही, माणूस येतो."

त्यानं मान खाली घालून पंचनामा लिहायला घेतला. गर्दीतून मात्र एक नाव कुजबुजत माझ्यापर्यंत आलं. लालासाहेब.

२

लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. उपसा योजनेचे अध्यक्ष. पंपघर त्यांच्या ताब्यात आणि गावाचा ऊस त्यांच्या शब्दावर. शिमग्यात त्यांनी भर चावडीत रिजवानला दम दिला होता, "पंपाजवळ पुन्हा होडी दिसली तर बुडवून टाकीन." तो दम साऱ्या गावानं ऐकला होता.

मी त्यांच्या सोप्यात जाऊन बसले तेव्हा मनात एकच होतं. हाच असेल तर याला मी सोडत नाही. पण सूड चुकीच्या माणसावर काढला तर तो सूड नव्हे, नासाडी. म्हणून मी दात ओठ खात का होईना, नीट विचारलं.

"त्या सांजेला तुम्ही कुठं होता?"

"घरीच. माझी सून सांगंल, शेजारी सांगतील."

"पंपघरावर कोण होतं?"

"कोण कशाला असंल? उपसाबंदी लागलीया. सरकारी हुकूम हाय, ओढ्यातलं थेंबभर पाणी उचलायचं न्हाई. मोटारी बंद हायती."

हे बोलताना सुभेदार ताठ बसले. साधं बोलताना हा माणूस खांबाला टेकून बसतो, एवढं मी आल्यापासून पाहिलं होतं. उंबऱ्याबाहेर त्यांच्या वहाणा होत्या. त्यांच्या तळाला काळा, ओला चिखल. बाहेर रानाला भेगा पडलेल्या, गावच्या विहिरीनं तळ दाखवलेला, आणि याच्या वहाणेला चिखल!

मी उठले तेव्हा ते मागून म्हणाले, "हवालदारबाई, पोरावर माझा राग व्हता, खोटं सांगत न्हाई. पण मी मारलं असतं, तर माझ्याच जाळीला आणून लावलं असतं व्हय?"

वाट चालताना ते वाक्य मला टोचत राहिलं, कारण ते खरं वाटत होतं.

३

धक्क्याशेजारी केरबाची जाळी असतात. केरबा या पाण्यावरच म्हातारा झालेला मासेमार. रिजवानच्या वल्ह्यांनी जाळी फाटतात म्हणून त्यांचं वाजायचंही आणि संध्याकाळी दोघं एका ताटलीत भाजलेला मासाही खायचे. मला बघून त्यानं डोळे पुसले आणि लगेच शिव्या सुरू केल्या. दुःख झालं की काही माणसांना शिव्याच येतात.

"कुणीतरी भाड्यानं बंधाऱ्याचं दोन बरगं काढलं, मावशी! त्याच सांजचं!"

बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला ज्या लाकडी फळ्या सरकवतात त्यांना बरगे म्हणतात. लोखंडी आकड्यानं वर ओढायचे, महाकष्टाचं काम.

"का काढले असतील?"

"पाणी खाली सोडाय, आणि काय? माजं मासं गेलं खाली. ऊसवाल्यांचं पाणी गेलं. गावात ज्याचं त्याचं पोट ह्या पाण्यावर, आणि कुणाचा हात वळवळला देव जाणं!"

"त्या दिवशी धक्क्यावर कोण होतं?"

"दिवेलागणीला रिजवान होड्या धूत व्हता. जयराज व्हता संगं. मी जाळं टाकून घराकडं गेलो."

मग तो झोपडीत गेला आणि एक वल्हं घेऊन आला. रिजवानचंच. त्यानं दांड्यावर माझ्या आईच्या बांगड्यांसारखी हिरवी पट्टी रंगवली होती. "बंधाऱ्याच्या खाल्ल्या अंगाला, दगडात अडाकलं व्हतं. फौजदाराला दावलं तर म्हनला, वाहून आलं असंल."

मी वल्हं हातात घेतलं. होडी पार वरच्या टोकाला आणि वल्हं पार खाली. म्हणजे होडी वल्हवत वर नेली, हे फौजदाराचं म्हणणं खोटं. वल्ह्याशिवाय ती वर गेली कशी?

"ती सांज काय चांगली न्हवती," केरबा स्वतःशीच पुटपुटला. "जाळं बी उलट्या अंगाला फुगलं माजं..."

"काय म्हणालास?"

त्यानं जीभ चावली. आणि मग मी कितीही विचारलं तरी तो गडी मुका झाला तो झालाच.

४

जयराजच्या घरी गेले, तर मला बघताच तो पायाशी बसून हुंदके देऊ लागला. "खाला, माजा भाऊ गेला." रिजवानसारखंच हाही मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

हा पोरगा विट्याच्या मामाबरोबर लहानपणीच गलाईच्या धंद्यात गेलेला. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. तिकडं दूर कोइमतूरला त्याची भट्टी. महिन्यामागं गावी आला आणि रिजवानच्या धक्क्यावर मदतीला राबू लागला. शेत त्यानं कधी केलं नाही, पड टाकलेलं.

त्याचा बाप दोन पावसाळ्यांमागच्या पुरात गेला होता. तेव्हा रिजवाननं फायबरच्या मोठ्या होडीतून गावातली माणसं काढली. जयराजच्या आईला, बनुबाईला काढलं, पण बाप मागं राहिला आणि दुसऱ्या फेरीला रिजवान पोचेपर्यंत घर पाण्यात बसलं होतं. गावात काहीजण अजून म्हणतात, रिजवाननं म्हाताऱ्याला मुद्दाम मागं ठेवलं. मी जयराजला ते तोंडावरच विचारलं.

"लोकांच्या तोंडाला काय हात लावायचा, खाला? माज्या मनात तसलं काय असतं तर त्याच्याकडं राबलो असतो व्हय?"

"त्या सांजेला तू धक्क्यावर होतास."

"व्हतो की. त्याचा निरोप घेऊन चहाच्या गाड्यावर गेलो. चारचौघांनी बघितलंय मला. वर पंपघराकडं म्या पाऊल टाकलेलं न्हाई. आणि होडी वर गेली म्हंजे कुणीतरी वल्हवतच नेली ना? पाणी काय चढाला चालतंय व्हय?"

त्याच्या उजव्या तळव्याला पट्टी होती. मी नुसतं पाहिलं, तर तो आपण होऊन म्हणाला, "भट्टीचा चटका. आमच्या धंद्यात चालायचंच."

निघताना बनुबाई मला गोठ्यापर्यंत सोडायला आली. गोठा रिकामा. सुकलेली बाई, पण माझा हात तिनं घट्ट धरला.

"रिजवाननं मला पुरातनं काढलं, अख्तरबी. गाव त्याला बोल लावतंय, आणि त्यानं कवा तोंड उघाडलं न्हाई. माज्यापायी. मालक मागं का राहिलं ते मला ठावं हाय आणि त्याला ठावं व्हतं." मग तिनं पदर तोंडाशी धरून मला ते सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "जयराजच्या कानावर कवा जाऊ द्यायचं न्हाई. घे शपथ."

मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हा ती मी मनापासूनच घेतली होती.

५

दुसऱ्या दिवशी सांजेला मी धक्क्यावर एकटीच बसले. रिजवानच्या होड्या उलट्या घालून ठेवलेल्या, कुणी हात न लावलेल्या. मला रडू आलं ते मी येऊ दिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि सूड घ्यायचा असेल तर रडून मोकळं झालेलं बरं.

डोळे पुसून पाहते तर पाण्याजवळच्या करंजाच्या मुळांवर एक ओली रेघ. मगाशी तिथपर्यंत पाणी होतं, आता खाली उतरलेलं. बरगे तर केरबानं परत बसवले होते. मग पाणी चाललं कुठं?

तेवढ्यात एक करंजाचं पान माझ्यासमोर पडलं. जरा थांबलं, गिरकी घेतली आणि निघालं. बंधाऱ्याकडं नव्हे. वर, पंपघराकडं.

मी चपला तिथंच सोडून काठाकाठानं पानामागून चालत गेले. जाळीजवळ पोचले तेव्हा पंपघराच्या दाराला बाहेरून कुलूप आणि आतून मोटारींचा घुमारा. आणि मग सगळ्या गाठी एकामागून एक सुटल्या. सुभेदारांच्या वहाणेचा चिखल, केरबाचं उलटं फुगलेलं जाळं, गावाचं ते एकमुखी गप्प बसणं.

मी तशीच अनवाणी लालासाहेबांच्या दारात गेले. "सुभेदार, खुनाच्या संशयात मान अडकवून घ्याल, पण बंदीत मोटारी चालवल्या हे बोलणार नाही. असंच ना?"

त्यांनी मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "माजी एकट्याची मान गेली तर जाऊ द्या. मोटारींना सील लागलं तर सगळ्या गावाचा ऊस वाळतोय. दिस मावळला की चालू करतो, सरकारी माणूस तवा फिरकत न्हाई. मोटारी लागल्या की वढा उलटा वळतोय. सगळ्या गावाला ठावं हाय."

"सगळ्या गावाला?"

"शेती करणाऱ्या परत्येकाला. पाण्यावर जगणाऱ्या परत्येकाला."

मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. मला माझा माणूस सापडला होता. "उद्या सांजेला मोटारी लावा," मी म्हणाले. "दार उघडं ठेवून लावा. फौजदाराला मीच बोलावते."

"दंड हुईल, हवालदारबाई."

"होऊ दे. माझा पोर गेलाय."

सुभेदारांनी मान हलवली. "लावतो," एवढंच म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला धक्क्यावर फौजदार होता, केरबा होता, गावातली बरीच माणसं होती. बनुबाईही आली होती. तिला मी बोलावलं नव्हतं.

"जयराज," मी म्हणाले, "तू रिजवानचा भाऊ. या होडीत बस. वल्हं माझ्याकडं राहू दे. साहेबांना दाखवायचंय की सोडलेली होडी कुठं जाते."

त्याला पोहता येत नाही हे मला रिजवाननंच कधीतरी सांगितलं होतं. पण चारचौघांत भाऊ म्हणवून घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तो बसला. जॅकेट मी दिलं नाही आणि मागायचं त्याला सुचलं नाही. केरबानं होडी हलकेच ढकलली.

होडी जरा वेळ जागीच राहिली. मग तिचं टोक वळलं आणि ती वर निघाली. जयराजनं बंधाऱ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं. तोंडावरचं रक्त उतरलेलं मी काठावरून पाहिलं आणि माझ्या काळजात गार वाटलं.

मी वल्हं खांद्यावर टाकून काठानं होडीच्या बरोबरीनं चालू लागले. बाकी सगळे माझ्यामागून.

"बघ जयराज, पाणी चढाला चालतंय. हे लालासाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी मारलं असतं तर इथून होडी सोडून ती आपल्याच जाळीला लावून घेतली नसती. केरबाला ठाऊक होतं, त्याचं जाळं रोज उलटं फुगतं. रिजवान दिवेलागणीला होड्या बांधून परतायचा, आणि तूही, म्हणून हे तुला कधी दिसलं नाही. गावात ज्याला ज्याला हे ठाऊक होतं त्यानं होडी अशी सोडलीच नसती. सोडली ती ज्यानं शेत कधी केलं नाही त्यानं."

"खाला, मला उतरू द्या..."

"ऐकून घे. खुन्याला होडी बंधाऱ्यावरून खाली पडायला हवी होती. खाली दगड आहेत, डोक्याची जखम तिथं खपली असती. पाण्याला ओढ यावी म्हणून त्यानं बरगे काढले आणि वल्हंही खाली फेकलं. वल्हं तिथंच सापडलं. पण दोन फळ्यांच्या फटीनं जातं त्याच्या कितीतरी पट पाणी या मोटारी ओढतात. होडी उलटी गेली. सकाळी ती वर सापडली तेव्हा तुला वाटलं, देवच पावला. तू तर खाली चहा पीत होतास!"

मागं कुणीतरी "अरारारा" केलं.

"बरगे केरबा काढणार नाही, त्याचे मासे जातात. ऊसवाला काढणार नाही, त्याचं पाणी जातं. ज्याचं या पाण्यावाचून काही अडत नाही असा त्या सांजेला धक्क्यावर एकच होता. तुझ्या हाताची पट्टी सोड. महिनाभर भट्टीचं तोंड न पाहिलेल्याला ताजा चटका बसत नाही. ती बरगे ओढताना आकड्यानं फाटलेली कातडी आहे."

जाळीजवळचा घुमारा आता मोठा झाला होता. पंपाच्या तोंडाशी पाणी खोल आणि काळं. होडी जिथं रिजवानला घेऊन गेली तिथंच जयराजला घेऊन चालली होती. तो घाबरून उभा राहिला, आणि कयाकमध्ये उभं राहायचं नसतं हे कुणी शिकवलेलंही त्याला आठवलं नाही. होडी उलटली.

केरबा धावला. मी वल्हं आडवं घातलं. "थांब."

"मावशी, बुडंल त्यो!"

"थांब म्हणते ना."

जयराज वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. "मारलं! मीच मारलं! माझ्या आबाला त्यानं पुरात सोडलं, म्हणून मारलं! वाचवा!"

फौजदारानं ऐकलं. साऱ्या गावानं ऐकलं. माझं काम तिथं संपलं होतं. पण माझा सूड संपला नव्हता. मी गुडघ्यावर बसले आणि वल्ह्याचं पातं पुढं केलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं. हिरवी पट्टी माझ्या मुठीत होती.

"तुझ्या आबांना रिजवाननं होडीत बस म्हणून हात जोडले," मी म्हणाले. "ते बसले नाहीत. का ते सांगू?"

"अख्तरबी!" मागून बनुबाई ओरडली. "शपथ हाय तुला!"

मी तिच्याकडं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलले नसते.

"पूर चढताना त्यांनी तुला फोन केला. तू कोइमतूरला बसून म्हणालास, 'आबा, म्हस सोडून जाऊ नगा, गाभण हाय, माझ्या घामाची हाय.' आठवतं? तुझ्या आबांनी तुझं ऐकलं. होडी निघताना तुझ्या आईला ओरडून सांगितलं, पोराला कळू देऊ नको, जिवाला खाईल. रिजवान ते ऐकत होता. म्हणून गावाचे बोल खात तो गप्प राहिला. तुला वाचवण्यासाठी गप्प राहिला आणि तू त्याला मारलंस."

जयराजनं वल्हं सोडून दिलं.

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तो सोडून देईल असं मला वाटलंच नव्हतं. त्याला सुटायचं होतं आणि मी त्याला सुटू देणार नव्हते. मी कमरेइतक्या पाण्यात उतरले, त्याची कॉलर धरली आणि केरबाच्या मदतीनं त्याला चिखलात ओढून काढलं. मेला असता तर सगळ्यातून मोकळा झाला असता.

बनुबाई काठावर बसली होती. तिनं मला शिवी दिली नाही, लेकाकडंही गेली नाही. तिच्या पदराचं टोक पाण्यात भिजत होतं, तेही तिच्या ध्यानात नव्हतं. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. माझा सूड तिच्या अंगावरून गेला. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मोटारींना सील लागलं, सुभेदारांनी दंड भरला. रिजवानचं वल्हं आता माझ्या घरात दाराआड उभं आहे.

परवा तुरुंगातल्या जयराजच्या वकिलाचा फोन आला. तो जेवत नाही म्हणे. त्यानं एकच निरोप दिलाय, खालाला सांगा, एकदा फक्त म्हणा की फोनचं ते खोटं होतं.

मी फोन ठेवून दिला. ते खरंच आहे. आणि खोटं असतं तरी मी म्हणाले नसते.